चार कोपरे कोण धरणार?

आसेगावातल्या एका किराणा दुकानात, साखर-शेंगदाणे तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, माझ्या पुतण्याने ड्रोनची एक चांदीच्या रंगाची बारकी मोटर ठेवली. काट्याने आधी ५० दाखवले, मग ५५, मग पुन्हा ५०. किराण्याचा काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो. दुकानदार म्हणाला, "सोनाराकडे जाय ना बाप्पा, मी काय ग्रॅम-ग्रॅमनं इकतो?" पोरगा खरंच सोनाराकडे गेला. सोनाराने अंगठी तोलावी तशी ती मोटर तोलून दिली. ५३ ग्रॅम आणि वर दोन पॉइंट. त्याने ते वहीत लिहिलं. पुढच्या पानांवर मग पंख्यांचं वजन आलं, वायरींचं आलं, चार नट-बोल्टांचंसुद्धा आलं. ती वही पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा ड्रोन उडेल. तोवर वाटत नव्हतं.

आसेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाणं असलेलं गाव. हे सांगावं लागतं, कारण रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे आणि अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजाराकडे आसेगाव पूर्णा. पहिल्या ड्रोनचा पहिला सुटा भाग म्हणून मी 'पिनकोड' लिहीन. पत्त्यात तालुका ठळक लिहिला नाही, तर आपले पंखे पूर्णेच्या काठी जाऊन बसतात. आमचे बसले होते, आठ दिवस.

मी स्वतः अकोल्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बरीच वर्षं चालवलं. पुतण्या आयटीआयला वायरमन ट्रेड करतो. म्हणजे दोघांनाही डाग (सोल्डर) द्यायचा कावीया धरता येतो आणि दोघांनाही विमानातलं काही कळत नाही. त्याचा फोन आला तो असा: "काका, मले फवारणीचा ड्रोन बनवाचा हाये. कोणती मोटर घेऊ?"

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे सोयाबीन, तूर, थोडा कापूस. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप बांधून चिखलातून चालायचं, एकराला दहा-बारा पंप मारायचे, आणि वारा उलटा फिरला की औषध आपल्याच तोंडावर घ्यायचं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरात फवारणीच्या दिवशी कोणी मोठ्याने बोलत नाही. पुढे १५ ऑगस्ट २०२३ च्या भाषणात पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची घोषणा झाली, 'नमो ड्रोन दीदी' योजना आली, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अनुदान ठरलं. असा ड्रोन पोराने कुठल्याशा कृषी प्रदर्शनात पाहिला आणि त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला: दहा लाखांची वस्तू आहे, आपण सुटे भाग आणून लाखात बसवू.

मी त्याला म्हटलं, मोटर राहू दे, आधी पाणी तोल. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. ते उचलायला मोठ्या मोटरी, मोटरींना मोठी बॅटरी, बॅटरीला उचलायला आणखी मोठ्या मोटरी. दहा लिटरचे फवारणी ड्रोन टाकी भरल्यावर पंचवीस किलोच्या आतबाहेर जातात, आणि त्यांचे पंखे माणसाच्या हाताएवढे असतात. असला पंखा फिरताना कोणाला लागला तर टाके घालायला जागा उरत नाही. शिवाय अशा ड्रोनला सरकारी प्रकार-प्रमाणपत्र लागतं, चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. घरच्या ओट्यावर बसवलेल्या यंत्राने दुसऱ्याच्या वावरात फवारणी करून पैसे घेणं हा विषयच नाही.

पोरगा दोन दिवस बोलला नाही. मग विचारलं, "मंग बारका बनवला तं चालन?"

इथून खरी गोष्ट सुरू होते.

ड्रोनच्या सुट्या भागांबद्दल लोक विचारतात तेव्हा यादी मागतात. यादी सोपी आहे: सांगाडा, चार मोटरी, चार पंखे, मोटरींना वीज मोजून देणाऱ्या चार ईएससी, बॅटरी, चार्जर, मधला मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, हातातला रिमोट आणि त्याचा रिसीव्हर. दहा ओळींत संपते. अडचण ही की यातला एकही भाग एकटा निवडता येत नाही. मोटर निवडली की पंखा ठरतो, पंख्याने सांगाड्याची रुंदी ठरते, दोघांनी मिळून किती अँपिअर ओढायचे ते ठरतं, त्यावरून ईएससी आणि बॅटरी, आणि बॅटरीचं वजन परत मोटरीच्या मानगुटीवर. सोयरीक जुळवण्यासारखं आहे, एका घरचं ठरलं की दुसरीकडचं बिघडतं.

आम्ही एफ४५० नावाचा सांगाडा घेतला. एका मोटरीपासून तिरक्या समोरच्या मोटरीपर्यंत ४५० मिलिमीटर, चार प्लॅस्टिकचे हात, मध्ये दोन पत्रे. देशातल्या निम्म्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्टमध्ये हाच दिसतो, आणि त्यामुळे जाणकार मंडळी नाकं मुरडतात. पोराला इंटरनेटवर पाहिलेले पाच इंची पंख्यांचे, कार्बन फायबरचे, शर्यतीचे ड्रोन हवे होते. ते सुंदर असतात यात वाद नाही. पण ते शिकाऊ माणसाच्या हातातून दोन सेकंदांत तुरीच्या पाटीत जातात आणि मग शोधायला अख्खं घर लागतं. एफ४५० बोजड आहे, सावकाश हलतो, लांबून दिसतो, आणि त्याचा एक हात मोडला तर स्क्रू काढून दुसरा लावता येतो. गावात वस्तू घेताना मी एवढंच पाहतो: मोडल्यावर काय? बैलगाडीचा आरा बदलता येतो म्हणून गाडी टिकते.

मोटरी ए२२१२ नावाच्या, १००० केव्ही. या 'केव्ही'ने माझ्यासारखा जुना रेडिओवाला फसतो, किलोव्होल्ट समजतो. इथे त्याचा अर्थ एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे रिकामी मोटर मिनिटाला साधारण ११,१०० फेरे फिरणार. केव्ही जास्त तर फेरे जास्त, पण जोर कमी. तिला लहान पंखा. केव्ही कमी तर मोठा पंखा, सावकाश. १००० केव्हीला दहा इंची पंखा शोभतो, ज्यावर '१०४५' छापलेलं असतं: दहा इंच लांबी, आणि एका फेऱ्यात हवेत साडेचार इंच पुढे सरकेल असा पीळ. त्याच मोटरीला पोराने उत्साहात बारा इंची पंखा लावला असता, तर तिने झेपणार नाही एवढा करंट ओढून स्वतःला आणि ईएससीला जाळलं असतं.

आता सोनाराची वही. सांगाडा २८० ग्रॅम, चार मोटरी २१२, चार ईएससी १००, पंखे ४०, बॅटरी १८०, मेंदू-रिसीव्हर-जीपीएस मिळून ८०, वायरी-डाग-पट्टे ५०. बेरीज ९४२. अशी एक मोटर दहा इंची पंख्यासह पूर्ण जोरात साधारण ८०० ग्रॅम उचलते. चार मिळून ३२०० ग्रॅम. नियम असा की एकूण उचल वजनाच्या निदान दुप्पट हवी, कारण हवेत नुसतं लटकायचं नसतं, वाऱ्याशी भांडायचंही असतं. आमची तिपटीच्या वर गेली. लटकून राहायला प्रत्येक मोटरीला २३५ ग्रॅम उचलावे लागणार, त्याला तीन अँपिअरच्या आसपास, चौघी मिळून बारा. २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, तिच्यातले ८० टक्केच वापरायचे. भागाकार केला तर पावणेनऊ मिनिटं.

"फक्त पावणेनऊ?" पोरगा म्हणाला.

मी म्हटलं, दुप्पट बॅटरी लाव. त्याने वही काढली, १८० ग्रॅम वाढवले, परत गणित केलं. मिनिटं दुप्पट झाली नाहीत. तो हसला. त्या दिवशी त्याला जे कळलं ते मी कितीही बोलून सांगू शकलो नसतो.

मधल्या मेंदूवर जरा थांबतो, कारण खरी नवलाई तिथे आहे. चार पंख्यांचं यंत्र ही कल्पना नवी नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांनी चार हातांचं, माणूस बसवलेलं यंत्र जमिनीपासून दीड-दोन फूट उचललं होतं. पण ते हवेत डगमगू लागलं की आवरायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून चार माणसं चार कोपरे धरून उभी होती. जगातलं पहिलं चौपंखी उड्डाण असं मांडव धरल्यासारखं झालं. पुढची शंभर वर्षं चार पंख्यांची कल्पना मागे पडली, ती पंख्यांमुळे नव्हे, ती चार माणसं वर नेता येत नव्हती म्हणून.

ती माणसं शेवटी सापडली खेळण्यात. २०१० च्या सुमारास हौशी लोकांनी निन्टेंडोच्या वी या व्हिडिओ गेम-यंत्राचे रिमोट फोडले. त्यांच्यात हाताचा कल आणि गिरकी ओळखणाऱ्या इवल्या चकत्या होत्या. त्या काढून एका साध्या आर्डुइनो बोर्डाला जोडल्या आणि 'मल्टीवी' नावाचा प्रोग्राम जन्मला. आज शर्यतीच्या ड्रोनमध्ये चालणाऱ्या बीटाफ्लाइटची वंशावळ तिथपर्यंत जाते. तांदळाच्या दाण्याएवढी ती चकती सेकंदाला हजारो वेळा विचारते, कुठे कललं? आणि त्या कोपऱ्याच्या मोटरीला कणभर जोर दे म्हणून सांगते. चार माणसांचं काम. पगार नाही.

म्हणूनच मेंदू निवडताना कंजुषी करू नये, असं माझं मत झालं. बाजारात एपीएम २.८ नावाचा जुना बोर्ड अजून स्वस्तात मिळतो आणि नवखे हमखास त्याला भुलतात. त्याच्यावर चालणाऱ्या आर्डूपायलट या मोफत प्रोग्रामने त्या जातीच्या बोर्डांची साथ ३.२.१ या आवृत्तीनंतर सोडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आम्ही एफ४०५ चिपचा, आर्डूपायलट घेणारा बोर्ड घेतला. बीटाफ्लाइट शर्यतीला उत्तम. पण ज्याला पुढे शेतावर ओळीने, ठरलेल्या उंचीवर जायचं आहे त्याने जीपीएस धरून एका जागी उभं राहणारा प्रोग्रामच शिकावा. रिमोट साधा सहा चॅनेलचा, २.४ गिगाहर्ट्झचा. हे तरंग आपल्याकडे विनापरवाना वापरता येतात. टेलिमेट्रीचे, म्हणजे ड्रोनची खबर खाली पाठवणारे, ९१५ मेगाहर्ट्झचे संच दुकानात दिसतात, ते घेऊ नका. आपल्याकडे तो पट्टा असा खुला नाही.

बॅटरीबद्दल मात्र मी आजही निर्धास्त नाही. लिपो बॅटरी ही दिसायला चॉकलेटची वडी आणि स्वभावाने फटाका. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर भरायचं नाही, उडताना ३.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवायची, टोचू द्यायची नाही, फुगली तर मोह सोडायचा. पाकिटावर '२५सी' लिहिलेलं असतं, २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर देईन अशी ती शपथ घेते. आमच्या चार मोटरी पूर्ण जोरात पन्नाशीच्या आसपास ओढतात. काठावर पास. शिवाय या बॅटऱ्या विमानाने सहज पाठवत नाहीत, धोक्याचा माल म्हणून रस्त्याने येतात, त्यामुळे सगळे भाग आले तरी बॅटरी मागे राहते. पार्सलची रोज वाट बघणारा पोरगा घरात किती काम करतो हे तेव्हा त्याच्या आईला कळलं.

ती आली तेव्हा एप्रिल होता. वऱ्हाडातला एप्रिल, आणि पोराची खोली टिनाची. दुपारी हात लावला तर टीन पोळतो. लिपोला हे अजिबात मानवत नाही. मग बॅटरी आजीच्या माजघरात, धान्याच्या कोठीशेजारी गेली, जिथे मातीच्या भिंतीमुळे गारवा असतो. चार्जिंग ओसरीवर, लोखंडी घमेल्यात वाळू घालून, माणूस समोर बसवून. चार्जर आम्ही सेल तोलून भरणारा घेतला. करंट २.२ अँपिअरवर लावला की तासाभरात भरते, आणि मध्ये लाईन गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लाईन जातेच.

जोडणीत एक गोष्ट आम्हाला आयटीआयने दिली. नवखा माणूस बॅटरी पहिल्यांदा लावतो तेव्हा कुठेतरी लाल-काळी उलटी झालेली असते आणि तीन हजारांचा बोर्ड धूर होतो. त्यासाठी विकत मिळणारं एक छोटं उपकरण आहे. पोराने ते यादीत पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे तं आपलं सिरीज टेस्टिंग हाये!" खरंच होतं. घरची वायरिंग तपासताना वायरमन लाईनमध्ये एक बल्ब सिरीजला टाकतो. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, फ्यूज वाचतो. त्याने मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब बॅटरीच्या वायरीत टाकला. पहिल्यांदा बल्ब भक्कन पेटला. एका ईएससीच्या पायाशी डागाचा थेंब सांडून दोन कड्या जोडल्या गेल्या होत्या. तो मी लावलेला डाग होता. चष्म्याचा नंबर वाढल्याचं कारण मी पुढे केलं, कोणी मानलं नाही.

चार मोटरींपैकी दोन उलट्या फिरायला हव्यात, नाहीतर ड्रोन स्वतःभोवती भिरभिरत राहतो. एखादी चुकीची फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या, थ्री-फेज पंपाची मोटर उलटी फिरली की विहिरीवर करतो तेच. हे सांगायला त्याला कोणी लागलं नाही. पंख्यांचे मात्र चार जोड जास्तीचे घेतले, आणि ते सगळ्यांत शेवटी लावायचे असा घरात कायदा केला. टेबलावर तपासणी चालू असताना पंखा लावलेला दिसला तर रिमोट आजीकडे जप्त.

मुंबई-पुण्याकडचे लोक विचारतील, एवढा आटापिटा कशाला, तयार घ्या ना. तयार घेता येतो. परदेशी तयार ड्रोनची आयात मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने बंद केली, सुट्या भागांची चालू ठेवली. त्यामुळे पुण्यासारख्या ठिकाणांहून सुटे भाग पाठवणारी दुकानं वाढली आणि आसेगावच्या पोराला पिनकोडच्या जोरावर फ्लाइट कंट्रोलर मिळू लागला. जेव्हा हे काही मिळत नव्हतं तेव्हा काय करत असतील? २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये हॉस्टेलच्या खिडकीसमोर तरंगणारा चौपंखी सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट वगैरे मुलांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचा. कंपनी २००७ ची, म्हणजे खेळण्याचे रिमोट फोडण्याच्या लाटेच्याही आधीची. पुढे त्यांनी डीआरडीओबरोबर 'नेत्र' बनवला आणि २०१३ च्या उत्तराखंडातल्या प्रलयात माणसं शोधायला तो वर गेला. २०२३ मध्ये नवी मुंबईची ही कंपनी शेअर बाजारात आली. पोराला हे सांगितलं तर त्याने विचारलं, त्यांचं पहिलं किती ग्रॅम होतं?

आमचं सगळं मिळून एकोणीस हजारांच्या आसपास गेलं. त्यात रिमोट पाच हजार, आणि तो पुढच्या दहा ड्रोनना चालेल. चार्जरही तसाच. जे पडल्यावर फुटत नाही त्यावर खर्च करावा, जे फुटणारच आहे ते स्वस्त घ्यावं. मोटरी स्वस्त, पंखे स्वस्त, सांगाडा स्वस्त.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, तिथून दोन किलोपर्यंतचा मायक्रो. आमचा ९४२ ग्रॅमचा, म्हणजे मायक्रो. धंद्यासाठी उडवायचा नसेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यायचा, नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहायचं, आणि हिरव्यातसुद्धा ४०० फुटांच्या वर जायचं नाही.

हे झालं कागदावर. गावात आणखी एक कायदा असतो. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे, बीड, जालना या भागांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर घरांची टेहळणी करतात, अशी आवई उठली होती. लोक काठ्या घेऊन जागत होते. तिची झळ आमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवर पोचली होती. त्यामुळे उडवण्याआधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, पेटी उघडून वस्तू दाखवली, कोणत्या वावरात आणि किती वाजता ते सांगितलं. ठाण्यात दोघा-तिघांनी हातात घेऊन पाहिला. एकाने विचारलं, "हे लग्नाच्या शूटिंगले चालते का?"

वावरात सकाळी साडेसहाला गेलो, वारा नसताना. हरभरा निघून रान मोकळं झालं होतं. आजी मागोमाग आलीच. तिने चार पंख्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कारे, याले दावं काहून नाई बांधत? पयला दिवस हाये. पळालं तं?" वासराला बांधतात तसं. मी हसलो नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये शहाण्या लोकांनी तेच केलं होतं. पण आता दोरी बांधली तर ती एका बाजूने ओढते, चकतीला वाटतं आपण कललो, ती त्या बाजूला जोर देते आणि यंत्र दाव्याभोवती उलटतं. कोपरे धरणारी चौघं आत बसलेली आहेत, बाहेरून पाचव्याने हात घालायचा नाही. आजीला एवढं पटलं नाही. ती दावं घेऊन तयारीत उभी राहिली.

ड्रोन गुडघ्याएवढा वर आला, थरथरला, आणि थांबला. खाली मातीची वर्तुळं उठली. पोराचे दोन्ही अंगठे रिमोटवर पांढरे पडले होते. पाच मिनिटं त्याने तो नुसता तिथेच धरला. मग पुढे, मागे, पुढे. सहाव्या मिनिटाला उतरवताना घाईत एका कोपऱ्यावर टेकवला, कटकन आवाज आला, एक हात मोडला आणि एक पंखा उडून आजीच्या पायाशी पडला.

"सांगतलं होतं," आजी म्हणाली.

दुपारपर्यंत त्याने नवा हात बसवला. नवा हात जुन्यापेक्षा दोन ग्रॅमने जड भरला, तेही वहीत गेलं. संध्याकाळी तो परत सोनाराच्या दुकानात शिरताना दिसला. या वेळी हातात मोटर नव्हती. सलाइनची नळी जोडलेली, झाकणाला भोकं पाडलेली, पाण्याने भरलेली शंभर मिलिलिटरची बाटली होती.